बाभळीची साल आणि माझी बातमी

गेल्या आठवड्यात बाजारच्या दिवशी मेथीच्या दोन जुड्या घेऊन स्टँडकडे परत येत होतो. रस्त्याच्या कडेला एक जण जडीबुटी मांडून बसलेला. असे लोक आपल्या चांदवडला नवीन नाहीत, रेणुकामातेच्या यात्रेत तर त्यांची रांगच लागते. गोणपाटावर मुळ्या, बिया, कसल्यातरी वाळक्या शेंगा आणि मधोमध सुतळीने बांधलेल्या सालीच्या जुड्या. एरवी मी थांबलोही नसतो. पण सालीच्या ढिगाला टेकवून लॅमिनेशन केलेला एक कागद उभा केलेला होता. वर्तमानपत्राचं कात्रण. मथळा : ‘बाभळीची साल कॅन्सरवर गुणकारी’. खाली बारीक अक्षरात वार्ताहराचं नाव.

नाव माझं होतं.

समोर साठी ओलांडलेले एक बाबा उकिडवे बसून भाव करत होते. विकणारा सांगत होता, एकवीस दिवस, सकाळी उपाशीपोटी काढा, तेलकट-आंबट बंद. ‘कुणाला हाय?’ असं त्याने विचारलं तर बाबा म्हणाले, ‘घरच्यांना. छातीत गाठ हाय. नाशिकला दाखवलं. डॉक्टर म्हने आधी तुकडा तपासू, मंग आप्रेशन.’

मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘बाबा, ही बातमी मीच लिहिलेली आहे. ह्या सालीने गाठ जात नाही. डॉक्टर सांगतात ते करा.’

विकणारा चिडला नाही. शांतपणे म्हणाला, ‘दादा, पेपरात छापून आलंय. पेपरवाले काय खोटं छापतील?’

बाबांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

‘तुम्हीच लिव्हलं?’

‘हो.’

‘आन् आता तुम्हीच खोटं म्हनता?’

‘हो बाबा. चुकलं होतं.’

‘मंग छापलं कशाला?’

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. बाबांनी दोन जुड्या घेतल्या, पैसे दिले, धोतराचा सोगा आवरत उठले. मी माझा नंबर एका पावतीच्या मागे लिहून त्यांच्या खिशात कोंबला, फोन करा म्हणालो. अजून फोन आलेला नाही.

ते लॅमिनेशन मी पन्नास रुपयांना विकत घेतलं. तो लगेच तयार झाला, याचंच नवल वाटलं. पैसे खिशात टाकत म्हणाला, ‘न्या खुशाल. झेरॉक्स हायेत अजून.’

आता ही बातमी झाली कशी ते सांगतो. सांगायलाच पाहिजे.

अकरा-बारा वर्षं झाली असतील. जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजातून (आपल्या चांदवडचं नव्हे) एका पानाची प्रेसनोट आली. एका विद्यार्थिनीने बाभळीच्या सालीतले घटक वेगळे करून त्यांची अँटिऑक्सिडंट क्षमता तपासली होती. मुलगी शेतकऱ्याच्या घरची, साल स्वतःच्या बांधावरची. आमच्यासारख्या तालुका वार्ताहराला याहून चांगली बातमी कोणती? कांद्याचे भाव, टँकर, महामार्गावरचा अपघात, ह्याच्यापलीकडे लिहायला तरी कधी मिळतं?

नंतर मी सगळे कागद काढून एकापुढे एक ठेवून पाहिले. मुलीच्या प्रबंधाचं शेवटचं वाक्य होतं, ‘याबाबत पुढील अभ्यास आवश्यक आहे.’ प्रेसनोटमध्ये ते वाक्य गळालं आणि त्या जागी आलं, ‘अशा घटकांचा उपयोग कर्करोग, मधुमेह, हृदयविकार यांसारख्या आजारांत होऊ शकतो.’ माझ्याकडे आल्यावर ‘होऊ शकतो’ मला मिळमिळीत वाटलं. डिप्लोमाला आम्हाला शिकवलेलं, पहिल्या वाक्यात दम पाहिजे. मी लिहिलं, ‘उपयुक्त ठरणार असल्याचे संशोधनातून समोर आले आहे.’ आणि डेस्कवर बसलेल्या माणसाला तीन आजार एका मथळ्यात बसत नव्हते, त्याने सगळ्यात मोठा ठेवला. असं म्हटलं तर कुणीच धडधडीत खोटं बोललेलं नाही. प्रत्येकाने थोडं थोडं पुढे ढकललं. पण मधला मी होतो, आणि प्रबंध हातात असलेला बाहेरचा माणूस एकटा मीच होतो. मी तो उघडला नव्हता. फोटो काढण्यापुरता हातात धरला होता.

बातमी आल्यावर कॉलेजात पेढे वाटले. संध्याकाळी त्या मुलीचा मेसेज आला : ‘सर, बातमीबद्दल आभार. पण कॅन्सरचं आम्ही काहीच तपासलं नव्हतं.’ मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. नुसता अंगठा. तो मेसेज अजून तिच्याकडे आहे. परवा तिनेच दाखवला.

हो, बाजारातून आल्यावर मी तिला शोधून काढलं. आता ती नाशिकला एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे, तिला एक लेकरू आहे. रविवारी तिच्या घरी गेलो. म्हटलं, बारा वर्षांपूर्वी विचारायला पाहिजे होतं ते आज विचारतो, तू नेमकं काय केलं होतंस?

तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो.

साल काढायची, धुऊन सावलीत वाळवायची. उन्हात नाही, उन्हाने आतलं रसायन बिघडतं. मग भरड पूड. आधी ती पेट्रोलियम ईथरमध्ये घालून तिचा मेणचट, तेलकट भाग काढून टाकायचा. मग सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात मिथेनॉलने अर्क काढायचा. मिथेनॉल म्हणजे ज्याने विषारी दारूत माणसं मरतात तेच. खाली मिथेनॉल उकळतं, वाफ वर जाते, थंड होऊन सालीवर ठिबकते, भरलं की आपोआप खाली उतरते, पुन्हा वर. तास न् तास हेच. नंतर मिथेनॉल उडवून टाकलं की तळाशी काकवीसारखा तपकिरी चिकट गोळा उरतो. त्यात शेकडो पदार्थ एकत्र असतात.

खरं काम त्यापुढे. उभ्या काचेच्या नळीत सिलिका जेल भरायची, वर तो अर्क ठेवायचा आणि वेगवेगळी द्रावणं वरून सोडत राहायची. काही पदार्थ सिलिकाला जास्त चिकटतात, काही कमी. त्यामुळे प्रत्येकाचा खाली उतरायचा वेग वेगळा. दिंडी एकत्रच निघते, पण घाटाच्या पायथ्याशी सगळे एका वेळी पोहोचत नाहीत, तसं. खाली छोट्या छोट्या नळ्यांत थेंब गोळा करत बसायचं. ती म्हणाली, ‘सर, दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या मुली घरी गेल्या, मी कॉलमपाशी बसून होते.’ अर्धा किलो पुडीतून शेवटी हाती आली चिमूटभर पांढरट भुकटी. ती कशाची हे ओळखणारं यंत्र कॉलेजात नव्हतं, नमुना बाहेर पाठवला.

उत्तर आलं, गॅलिक आम्ल.

मी बातमीत ‘नवीन घटक’ लिहिलं होतं. गॅलिक आम्ल कार्ल शील नावाच्या स्वीडनच्या रसायनतज्ज्ञाने १७८६ साली वेगळं करून दाखवलेलं आहे. अहिल्याबाई तेव्हा हयात होत्या.

ह्यात त्या मुलीचा काडीचा दोष नाही. तिने प्रबंधात साफ लिहिलेलं की हा ज्ञात घटक आहे. विद्यार्थ्याचा प्रकल्प म्हणजे तालमीतले दंड-बैठका. हात बसावा, मोजमाप शिकावं, ह्यासाठी असतो. राज्यभरात फार्मसीची कॉलेजं आहेत, तिथे कुणी साल घेतं, कुणी पान, कुणी बी. वाईट काहीच नाही. बैठका मारल्या म्हणून ‘महाराष्ट्र केसरी’ झाल्याची बातमी देणारा मी गाढव.

आता ती अँटिऑक्सिडंटची चाचणी. हे मला आयुष्यात पहिल्यांदा समजलं, म्हणून सांगतो. डीपीपीएच नावाचं एक रसायन असतं. मिथेनॉलमध्ये विरघळवलं की गडद जांभळं दिसतं, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसं. त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. फ्री रॅडिकल म्हणतात तो हाच प्रकार. त्यात अर्क टाकायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं. अर्कातल्या पदार्थाने त्या एकट्या इलेक्ट्रॉनची गरज भागवली की जांभळा रंग फिकट होत पिवळा पडतो. किती पडला ते ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात यंत्रावर मोजायचं. शेजारी तुलनेला क जीवनसत्त्व. निम्मा रंग घालवायला जितका कमी अर्क लागेल तितकी क्षमता जास्त.

एवढंच. जांभळ्याचं पिवळं झालं.

मी विचारलं, मग बाभूळ पास झाली का? म्हणाली, ‘एकदम फर्स्ट क्लास. पण सर, ह्यात चहाची पावडर टाका, डाळिंबाची साल टाका, जे तुरट असेल ते पास होतं.’ तुरटपणा म्हणजे टॅनिन आणि त्याचे भाईबंद. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर. म्हणून तर पिढ्यान् पिढ्या कातडी कमवायला बाभळीची साल वापरत आले. आपल्या आजोबांनी बाभळीची काडी दातांनी चावली, आजीने डिंकाचे लाडू केले, लाकडाचं औत झालं, शेंगा शेळ्यांनी खाल्ल्या. चांदवडसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात बांधावर तग धरणारं झाड ते. त्याला माझ्या खोट्या मोठेपणाची गरज नव्हती.

तिने पुढे जे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं. डीपीपीएच हे रसायन माणसाच्या शरीरात नसतंच. काचेच्या नळीत रंग गेला म्हणजे पोटात, रक्तात, गाठीत काय होईल हे त्यातून कळत नाही. टॅनिनचे मोठे रेणू आतड्यातून फारसे शोषलेच जात नाहीत. उलट जेवणातलं लोह अडवून धरतात. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला एकवीस दिवस उपाशीपोटी तो काढा पाजला तर काय होईल, याचा विचार मी त्या बाजारात केला नव्हता. आता सारखा करतोय.

घरी आल्यावर रात्री वाचत बसलो. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोणत्या पदार्थात किती अँटिऑक्सिडंट क्षमता आहे याचा मोठा तक्ता वेबसाइटवर ठेवला होता. २०१२ साली त्यांनीच तो काढून टाकला. कंपन्या त्याचे आकडे डब्यांवर छापून माल खपवत होत्या, आणि त्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नव्हता. त्याहून धक्का बसला फिनलंडचं वाचून. तिथे २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. काहींना रोज बीटा कॅरोटीनची गोळी दिली, म्हणजे गाजरात असतं ते, नावाजलेलं अँटिऑक्सिडंट. अपेक्षा होती की फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल. १९९४ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. म्हणजे कॅन्सर रोखेल म्हणून दिलेल्या गोळीने उलटच केलं. माणसांवर तपासलं म्हणून कळलं, नळीतल्या रंगावरून कधीच कळलं नसतं.

मग झाडाच्या सालीतून कॅन्सरचं औषध निघतच नाही का? निघतं की. आणि त्यामागचा माणूस आपल्या शेजारचा, खानदेशातला. मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं, कदाचित तुम्हालाही आजच कळेल.

मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकले, पुढे अमेरिकेला गेले. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी काम केलं ते नेमकं हेच, झाडाच्या सालीतले घटक वेगळे काढायचं. १९६२ साली तिथल्या सरकारी मोहिमेत पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा झाली. प्रयोगशाळेत त्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मरतात असं १९६४ मध्ये दिसलं. त्यातला नेमका पदार्थ कोणता हे शोधायला, त्याची रचना उलगडायला १९७१ उजाडलं. बारा किलो वाळक्या सालीतून त्यांच्या हाती आला अर्धा ग्रॅम. बारा किलोतून अर्धा ग्रॅम! त्याचं नाव टॅक्सॉल. तो पेशीवर नेमकं काय करतो हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. त्यानंतर प्राण्यांवर, मग माणसांवर चाचण्या. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली १९९२ च्या डिसेंबरात. दोन वर्षांनी स्तनाच्या कॅन्सरसाठी.

साल गोळा केल्यापासून तीस वर्षं. माझी बातमी दीड तासात झाली होती, फोटोसकट.

आणि गंमत बघा, हे टॅक्सॉल अँटिऑक्सिडंट म्हणून काम करत नाही. ते वाढणाऱ्या पेशीचं विभाजन अडवतं, एक प्रकारचं मोजून-मापून दिलेलं विषच. केस जातात ते उगीच नाही. वाणी आणि वॉल यांनी त्याआधी, १९६६ साली, एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं होतं. तेच रसायन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या झाडात असल्याचं १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. मूळ कॅम्प्टोथेसिन रोग्यांना देऊन पाहिलं तेव्हा त्रास इतका झाला की चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यात फेरफार करून बनवलेली औषधं अमेरिकेत बाजारात आली १९९६ मध्ये. आता कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलात नरक्याची चोरटी तोड होते, पोती पकडल्याच्या बातम्या तिकडचे वार्ताहर देतात. टॅक्सॉलच्या वेळीही तोच प्रश्न आला होता. साल काढली की यू मरतो, आणि तो वाढतो अगदी सावकाश. शेवटी दुसऱ्या जातीच्या यूच्या पानांतून अर्धवट तयार रसायन काढून औषध बनवायची रीत बसली, तेव्हा ती झाडं वाचली.

हे वाचल्यावर मला एकदम मनमाड रोडच्या कडेची बाभूळ आठवली. येता-जाता दिसत होती, बुंध्याची साल कमरेएवढ्या उंचीवर चारी बाजूंनी सोललेली. मला वाटलं होतं शेळ्यांनी खाल्ली असेल. शेळ्या अशी कोयत्याने सरळ रेषेत खात नाहीत. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. पूर्ण गोल सोललं की मुळं उपाशी राहतात, झाड हळूहळू वाळतं. परवा गाडी थांबवून पाहिलं. वरचा शेंडा अजून हिरवा आहे. हे त्याच विक्रेत्याचं काम, असं मी म्हणत नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं लिहायची हौस आता फिटली.

काही जण म्हणतील, पोलिसात द्या त्या जडीबुटीवाल्याला. १९५४ चा कायदा आहे, कॅन्सर, मधुमेह असे आजार बरे करतो म्हणून औषधाची जाहिरात करता येत नाही. पण त्याने जाहिरात कुठे लिहिली? त्याने माझी बातमी लावली. त्या बातमीसाठी मला मात्र कुठलाच कायदा लागला नाही. उलट त्या वर्षी एका कार्यक्रमात शाल-श्रीफळ मिळालं, त्यात हिचाही उल्लेख होता.

ज्या पेपरात ती छापली होती तिथे आता माझं काम नाही. तरी फोन केला, खुलासा छापा म्हटलं. पलीकडचा मुलगा नवीन होता, सभ्यपणे म्हणाला, ‘सर, इतक्या जुन्या बातमीचा खुलासा कोण वाचणार?’ त्याचंही खरं आहे. बातमी मात्र अजून वाचली जातेय, लॅमिनेशन करून. म्हणून इथे लिहितोय. माझ्या पोस्ट तालुक्यात बऱ्यापैकी फिरतात, ही तरी फिरवा. कांद्यावर लिहिलं की फिरवताच.

काल पुन्हा बाजार होता. मुद्दाम लवकर गेलो. तो त्याच जागी बसलेला. नवीन लॅमिनेशन, ह्या वेळी रंगीत झेरॉक्स, आधीपेक्षा मोठं. मला ओळखून हसला, ‘या दादा.’ मी त्याच्या शेजारीच दोन तास उभा राहिलो. जो सालीला हात लावील त्याला सांगत होतो, ही बातमी माझी आहे आणि ती चूक आहे. तिघांनी जुडी खाली ठेवली. दोघांनी घेतली. एक बाई म्हणाल्या, ‘ह्यांचं आपसात भांडण असंल.’ दुपारनंतर विकणाराच वैतागला आणि गोणपाट उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

बाबा आले नव्हते.

त्यांचं नाव मला माहीत नाही. बोलण्यावरून वडनेर भैरवच्या बाजूचे वाटले, खात्री नाही. पांढरी टोपी, धोतर, हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, असे आपल्याकडे शेकडो बाबा असतात, तरी सांगतो. घरात बाईमाणसाला छातीत गाठ, नाशिकला दाखवून आलेले, तुकडा तपासायचा राहिलेला. असं घर तुमच्या गावात, भावकीत, मळ्यात कुणाच्या ओळखीचं असेल तर त्यांच्यापर्यंत जा. चारचौघांत नको, घरी जाऊन बोला. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेत कॅन्सरचा उपचार बसतो, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, कागदपत्रांसाठी मी स्वतः येईन, नाशिकलाही येईन. आणि पेपरात छापलंय ते काय, असं त्यांनी विचारलं तर मला फोन लावून त्यांच्या हातात द्या. रात्री कितीही वाजता.